एकवीस मतांचा उपाध्यक्ष

नाही नाही नाही, पूर्वावहिनी, अभिनंदन नका म्हणू, पाया पडतो तुमच्या! तुम्ही सीबमधली कुटुंबवाली माणसं, शुक्रवारी आठवणीने जेवायला बोलावता, सुरमईचं कालवण करता, उपकार आहेत तुमचे... पण दारातच सगळे मिळून 'या उपाध्यक्ष, या!' म्हणालात ना, तिथंच माझी अर्धी भूक मेली. उपाध्यक्ष! अहो, उपाध्यक्षाला काय काय करता येतं ठाऊक आहे का कुणाला? मला ठाऊक आहे. शंभर पानी वहीत मीच लिहिलंय, माझ्याच अक्षरात. च्यायला त्या वहीच्या! आणि च्यायला त्या अमेरिकेच्या! तुम्हाला तिकडं ज्याला निवडायचं त्याला निवडा ना बाबांनो, इथं ओमानात, आमच्या रुसैलच्या कामगार कॅम्पातल्या मेसमध्ये कशाला कडमडता?

हां, मान्य. ते नाही आले. मीच आणलं त्यांना. पण ऐका तरी!

तुम्हाला सांगतो, आमच्या कॅम्पात माणसं तेहतीस. एक मोठा हॉल, त्यात आम्ही बारा जण, आणि तीन खोल्या, त्यात सात-सात. मेस सगळ्यांची मिळून, आणि मेसचा कुक अमीन. दापोलीकडचा. नऊ वर्षं आमच्यासाठी रांधतोय. व्हिसा कंपनीचा, पण कुक ठेवायचा की घालवायचा हे मेसच्या अध्यक्षाने कंपनीला कळवायचं, अशी रीत. आणि अध्यक्ष कोण? जैनुद्दीनचाचा! बावीस वर्षं तेच! दरवर्षी चाचा विचारायचे, 'मी राहू की जाऊ?' सगळे हात वर करायचे, चाचा म्हणायचे, 'खलास! यल्ला, जेवायला बसा!' संपली निवडणूक. भात गार व्हायच्या आत सरकार स्थापन.

मग चाचा नोकरी सोडून गेले गावाला. आणि नेमकी तेव्हाच आली ती अमेरिकेची निवडणूक. ज्याच्या त्याच्या मोबाइलवर नकाशा, लाल राज्यं, निळी राज्यं, आख्खा कॅम्प माना खाली घालून बसलेला, जसं काही निकाल लागला की ह्यांनाच मंत्री करणार आहेत! आणि तुम्हाला सांगतो, त्या सगळ्यांत एकट्या मलाच ते कळायचं. फोर्कलिफ्ट चालवतो म्हणून काय झालं? मी समजावायचो, 'हे बघा, तिकडं मत देतात माणसं, पण मोजतात राज्यं. एखाददुसरं राज्य सोडा, बाकी ज्या राज्यात ज्याला एक मत जरी जास्त पडलं, त्या राज्याचं आख्खं गाठोडं त्याला.' लोक म्हणायचे, 'हा कसला न्याय?' मी म्हणायचो, 'तिकडं असंच असतं!' ऐटीत म्हणायचो हो! मिशीवरून हात फिरवून! ह्या एका वाक्याने मला पुढे जे खाल्लंय ना...

थोडा भात. बास, बास.

तर चाचांच्या जागी उभा कोण राहिला? ओमप्रकाश! आमचा स्टोअरकीपर, बुलढाण्याचा. त्याला मासळीचा वास सहन होत नाही. आता हा समुद्रापासून शेकडो मैल लांब जन्मला यात माझा काही हात आहे का? पण नाही! 'हे पहा भाऊ, अमीनला घरी पाठवून देऊ अन् बाहेरून कॅटरिंगचा डबा लावू. डबा कसा हायजिनिक असते.' हायजिनिक! नऊ वर्षं अमीनच्या हातचं खाऊन ह्याचं पोट पँटच्या बाहेर आलं, तेव्हा हायजीन कुठं गेलं होतं? आणि अमीन तिथंच दारात उभा, हातात अर्धा चिरलेला कांदा. मागाहून मला म्हणाला, 'प्रशांतभाव, माजी नूरैन बारावीला हाय. दोन वर्सां निघाली की मी आपला आपणच जाईन.' दोन वर्षं! एवढंच मागत होता तो माणूस. मी छातीवर हात मारला. म्हटलं, 'अमीन, मी उभा राहतो. तू निवांत कांदा काप.'

आता तुम्हीच सांगा, मी काय करायला पाहिजे होतं? चाचांसारखं 'हात वर करा' म्हणायला पाहिजे होतं! एकवीस माणसं अमीनच्या बाजूची होती, मी मनात मोजलेली होती! पण मला कुठली बुद्धी सुचली... म्हटलं, आपला हॉल बारा जणांचा, कॅम्पातला सगळ्यांत मोठा. हा आपला कॅलिफोर्निया! आणायची अमेरिकन पद्धत, हॉलचं गाठोडं एका फटक्यात खिशात, वर एखादी खोली मारली की ओमप्रकाश आडवा. बसलो वही घेऊन. घटनाच लिहिली हो! खोली म्हणजे राज्य, खोलीत जितकी डोकी तितकी तिची मतं, आणि खोली ज्याची, सगळी मतं त्याची. कुक आणि बाकी नेमणुका अध्यक्षाच्या हातात. सभेने केलेला ठराव अध्यक्षाला व्हीटोने मोडता येईल. व्हीटो मोडायला दोन-तृतीयांश मतं. आणि पान चारवर... पान चारचं मी नंतर सांगतो. घास अडकेल आत्ता.

सगळ्यांनी सह्या ठोकल्या. न वाचता! एकट्या ओमप्रकाशने वही दोनदा वाचली. तेव्हाच मला संशय यायला पाहिजे होता, पण मला वाटलं, शिकतोय बिचारा.

झालं मतदान. हॉल, बाराच्या बारा मला! नाचलो आम्ही. मग पहिली खोली. त्याला चार, मला तीन. दुसरी खोली. त्याला चार, मला तीन. तिसरी... तुम्हाला सांगतो, चार आणि तीन! म्हणजे मला एकूण माणसं किती? बारा आणि नऊ, एकवीस. त्याला बारा. आणि गाठोडी मोजली तर? तिन्ही खोल्या त्याच्या, सातत्रिक एकवीस! माझा एकटा हॉल, बारा! एकवीसही तेच, बाराही तेच, फक्त नावं इकडची तिकडं! मी ओरडलो, 'अरे, एकवीस माणसांनी मला मत दिलंय!' तर तो ओमप्रकाश शांतपणे म्हणतो, 'बरोबर आहे भाऊ. पण तिकडं असंच असते.'

आता पान चार. पान चारवर मी काय लिहिलं होतं? 'दुसरा येईल तो उपाध्यक्ष.' तिकडं अगदी सुरुवातीला तसंच होतं, हे मला ठाऊक, त्यामुळे लिहिलं ऐटीत. खाली लिहिलं, 'उपाध्यक्ष सभा चालवील. त्याला मत नाही. मतं समसमान पडली तरच मत.' का लिहिलं? कारण तिकडंही त्याला सिनेटमध्ये तसंच बसवतात... आणि खरं सांगू? ओमप्रकाशसाठी लिहिलं! म्हटलं, हा हरणार, ह्याला उपाध्यक्ष करू, खुर्चीत बसवू, चार वर्षं तोंड बंद! चार वर्षं हेही मीच लिहिलंय. आणि खुर्चीत बसलो मी. गळ्यात प्लास्टिकच्या फुलांचा हार, हातात पातेल्याच्या झाकणावर आपटायला आमटीचा डाव. घरी फोन केला. आमची उत्तरा म्हणते, 'अहो, उपाध्यक्ष म्हणजे काय मिळतं?' म्हटलं, 'मान मिळतो.' ती म्हणते, 'ते राहू दे. अमीनभाऊंचं काय झालं?' बघा! बाई गुहागरात बसून नेमकं बोट ठेवते!

अमीनचं काय व्हायचं! पहिल्याच दिवशी फ्रिजवर आदेश. अध्यक्षाचा आदेश क्रमांक एक, मेसमध्ये मासळी बंद. क्रमांक दोन, कुक रद्द, डबा सुरू. नेमणुका सगळ्या त्याच्या खोलीतल्या! एक फ्रिजचा मंत्री, एक वॉशिंग मशीनचा, एक गॅसच्या सिलिंडरचा. वर अध्यक्षाला माफी द्यायचा अधिकार. मग काय, त्याचा मंत्री ताटं न धुता उठला, सगळे खवळले, तर हा म्हणतो, 'मी माफ केलं.' अरे, ताट तुझ्या बापाचं आहे का?

पण सभा आमची होती ना! घेतला ठराव, 'अमीन राहील.' वीस विरुद्ध अकरा, पास! त्याने लाल पेन काढलं, आडवं लिहिलं, व्हीटो. बरं म्हटलं. पुन्हा सभा. खुर्चीत मी, हातात डाव. मोजलं... तेहतीसमधून अध्यक्ष वजा, त्याला सभेत मत नाही, मी वजा, राहिले एकतीस. त्याचे दोन-तृतीयांश म्हणजे वीस माणसं आणि वर दोन-तृतीयांश माणूस. तेवढा तुकडा कुठून आणणार? अख्खा माणूस पाहिजे. म्हणजे एकवीस. अमीन स्वयंपाकघराच्या दारात उभा. मी म्हटलं, 'अमीन राहावा असं ज्याला वाटतं त्याने हात वर करा!' आणि भराभर हात वर झाले हो! मी मोजत गेलो, अठरा, एकोणीस, वीस... एकवीस! एकवीस! डाव आपटला झाकणावर, हॉल नुसता दणाणला!

ओमप्रकाश उठला. ओरडला नाही, काही नाही. म्हणाला, 'भाऊ, एकविसावा हात कोणाचा?'

मी वर बघितलं. माझा होता.

'पान चार,' तो म्हणाला. 'तुमचंच अक्षर आहे भाऊ.' मी म्हटलं, 'अरे, माणसाच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे, पानं कसली मोजतोस?' आमच्या हॉलातले म्हणाले, 'फाडा ती वही!' आणि मला फाडता आली असती. हातातच होती. पण तेहतीस सह्या घेतल्या होत्या मी, एकेकाला समजावून, एकेकाला चहा पाजून... नाही फाडली. हात खाली घेतला. इतकी लाज मला उभ्या जन्मात वाटली नव्हती, वहिनी.

निरोपाचा कार्यक्रम ठेवला. अध्यक्ष आला का? नाही! निरोप, मयत, सत्कार, असल्या ठिकाणी म्हणे उपाध्यक्षाला पाठवतात. शाल मी दिली. ज्याच्यासाठी उभा राहिलो त्याला माझ्याच हाताने शाल! मी म्हटलं, 'अमीन, माफ कर, माझ्यामुळे...' तर तो माझीच पाठ थोपटतो. 'प्रशांतभाव, तुमचा हात वर व्हता, मी बगितला ना. जाव दे. तिकडं असंच असतंय.' आणि बॅगेतून एक बरणी काढून दिली. मसाला. म्हणाला, 'ह्यो संपेपत्तुर माजी आठवण काडा.' आता आमच्या मेसमध्ये चूलच बंद, मसाला घेऊन मी काय डोक्याला लावू? लॉकरमध्ये ठेवला. कपड्यांना वास लागला सगळ्या. मग म्हटलं, वहिनींकडे न्यावी बरणी... हो, हो, तोच! आज घातलात ना कालवणात, तोच मसाला. म्हणून तर मघापासून घास उतरत नाही नीट. वाढा अजून एक तुकडी.

काय विचारलंत दादा? उपाध्यक्षाला बाकी काहीच काम नसतं? असतं की! वहीत लिहिलंय. अध्यक्ष आजारी पडला, काही कमी-जास्त झालं, तर उपाध्यक्ष त्याची जागा घेईल. म्हणून रोज सकाळी बसमध्ये चढलो की मी आधी त्याच्याजवळ जातो, आपुलकीने विचारतो, 'ओमप्रकाशभाऊ, तब्येत कशी आहे? काही दुखत-खुपत नाही ना?' आणि तो पोटावरून हात फिरवून म्हणतो, 'एकदम फिट आहे भाऊ! डब्याचं जेवण आहे ना!'