प्लॅटफॉर्म संपला तिथवरचा स्कोअर

…आणि वर म्हणे तंजावरात थंडी नसते! कोण म्हणतं? पुण्याचे पाहुणे म्हणतात. दुपारी येतात, घाम पुसतात, कॉफी पितात आणि म्हणतात, 'तुमच्याकडे काय बुवा, बाराही महिने उन्हाळा!' अहो, पहाटे या की! मार्गळीच्या महिन्यात, म्हणजे तुमच्या धनुर्मासात, पापनाशमच्या स्टेशनावर उभे राहा! कावेरीवरून धुकं असं येतं की सिग्नल पडला की नाही हे स्टेशनमास्तरलाच ठाऊक नसतं, दात असे वाजतात की भजनातल्या झांजा बऱ्या… आणि त्या धुक्यात रोज एक माणूस उभा. आमचा तुळजाराम. तुळजारामराव म्हणायला हवं, कबूल, पण बायकोची लाल शाल डोक्याला गुंडाळून कुडकुडणाऱ्या माणसाला राव कसं म्हणवेल, तुम्हीच सांगा!

तंजावरच्या सरकारी कचेरीत कारकून. राहायला पापनाशमला, कारण सासऱ्याची भातशेती तिथं, आणि त्याची बायको कनकलता म्हणायची, 'तुम्ही हवं तिथं राहा, मी शेत सोडून येत नाही.' झालं! मग रोज थर्ड क्लास, रोज धुकं. पगडी मांडीवर, कारण दवानं भिजली तर हेडक्लार्क रघोजीराव डाफरणार. पण तुम्हाला सांगतो, याला थंडीचं दुःख नव्हतं, नोकरीचं नव्हतं, इतकी वर्षं हंगामीच ठेवलाय याचंसुद्धा नव्हतं. याचं दुःख एकच. स्कोअर!

क्रिकेट हो! जन्मात बॅट हातात धरली नव्हती, पण मतं ऐका. 'कॅप्टन आहे का कोण? डावखुऱ्याला आधी पाठवतात का कधी?' समोर बसलेली भाजीवाली म्हणायची, 'नाही हो सामी, कशाला पाठवतील!' तिला काय, वांग्यावर बसला नाही म्हणजे झालं. मग हॉकी. 'हॉकीत आपण सगळ्या जगाला लोळवतो, पण त्याचं कौतुक कुणाला? कारण हॉकी तासाभरात आटपते. साहेबाला तीन दिवस चालणारा खेळच खानदानी वाटतो!' मग सडुगुडु, म्हणजे तुमचा हुतूतू. 'आमची पोरं दम धरून सात जणांत घुसतात, त्याला पेपरात ओळ नाही, आणि मद्रासच्या क्लबात कुणी टेनिसचा चेंडू जाळीत मारला तर त्याचा फोटो!' असं पापनाशम ते तंजावर. रोज! आम्ही त्याच डब्यातले, काय करणार? चालत्या गाडीतून उतरता येत नाही. म्हणजे आम्हाला येत नाही. त्याला आलं, तेच सांगतोय!

झालं असं, की पोंगलला मद्रासला मोठी मॅच. गोरे विरुद्ध आपले. पोंगलची सुट्टी संपून कचेरी उघडायची, त्याच सकाळी मॅचचा निकाल पेपरात यायचा. आणि त्याच सकाळी कचेरीत साहेबाची तपासणी! हंगामी लोकांतून कायम कुणाला करायचं ते साहेब त्याच दिवशी ठरवणार. रघोजीरावांनी आधीच बजावलेलं, 'तुळजाराम, वेळेवर ये, पगडी घालून ये, आणि देवाशप्पथ तोंड उघडू नकोस.'

आता पेपर कुणाकडे? सूर्यनारायण वकिलांकडे. ते कुंभकोणमला सेकंड क्लासात चढायचे, चढतानाच पेपर घ्यायचे आणि कुणाच्या हाती द्यायचे नाहीत. म्हणून हा रोज काय करायचा, अय्यंपेट्टैला गाडी थांबली की उतरायचा, पळत सेकंड क्लासच्या खिडकीशी जायचा, स्कोअर विचारायचा आणि पळत परत. हे सगळं कशापायी? स्कोअरपायी!

त्या दिवशीही उतरला. पगडी बाकावर, जेवणाचा डबा बाकावर, डोक्याला ती शाल. खिडकीशी जाऊन म्हणतो, 'वकीलसाहेब, कोण जिंकलं?' आता सरळ सांगावं की नाही माणसानं? पण वकील! कोर्टात न्यायाधीशालासुद्धा पहिल्या पानापासून ऐकवणारा माणूस! 'पोरुंगो, पोरुंगो, जरा धीर धरा. पहिल्यापासून वाचतो. गोऱ्यांचा पहिला डाव…' आणि एकेक बॅट्समन, तो कसा बाद झाला, कुणी झेल घेतला… शिट्टी झाली. गाडी हलली. वकील वाचत वाचत आपल्या दुसऱ्या डावावर आलेत. हा खिडकीचा गज धरून चालतोय. गाडीनं वेग घेतला, हा पळतोय! अहो, धावत्या गाडीबरोबर माणूस चढण्यासाठी पळतो, हा ऐकण्यासाठी पळत होता! आम्ही दारातून ओरडतोय, 'तुळजाराम, चढ! कुठल्याही डब्यात चढ!' हा हात करतो, 'थांबा हो, नऊ रन हवेत!'

आणि प्लॅटफॉर्म संपला.

गाडी धुक्यात गेली. पगडी गेली, डबा गेला, निकाल गेला. उरला हा आणि लाल शाल. मग पेंढ्याच्या बैलगाडीत बसून निघाला. गाडीवान म्हणतो, 'सामी, कुणी वारलं काय?' हा म्हणतो, 'अजून कळलं नाही.' आतून मात्र हलला होता हो. कनकलतेनं पहाटेच त्याच्या कोटाला कुंकू लावून सांगितलं होतं, 'आज तेवढं कायमचं करून या.' आता तिला काय सांगायचं? आणि हे सगळं कशापायी? स्कोअरपायी!

कचेरीत पोचला तेव्हा तपासणी अर्धी झालेली. साहेब खुर्चीत. रघोजीराव शेजारी, चेहरा असा की घरात साप निघालाय. आणि दारात हा! कोटाला पेंढा, डोक्याला लाल शाल.

साहेब म्हणाला, 'व्हॉट इज धिस?'

'तुळजाराम, सर.'

'पगडी कुठे तुझी?'

'गाडीत, सर.'

'आणि तू गाडीत का नव्हतास?'

दुसरा कुणी असता तर पोटात दुखलं म्हणाला असता. जिवंत मावशीला मारलं असतं. पण हा थकला होता, गारठला होता, आणि खरं सांगायचं तर त्याच्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच. म्हणाला, 'स्कोअर, सर.'

रघोजीरावांनी डोळे मिटले. मनातल्या मनात याच्या जागी दुसरा कारकूनही नेमला असेल. आणि साहेब… साहेब खुर्चीत पुढं सरकला. 'कुठला स्कोअर? मद्रासचा?' अहो, तो सुट्टीभर ओरत्तनाडूकडे तंबूत! तिथं पेपर नाही, तार नाही, डास तेवढे. तोही बिचारा तळमळत होता! 'सांग!'

मग काय! टेबलावरचा रूळ उचलला, ती बॅट. शाईची दौत म्हणजे विकेट. गोऱ्यांचे दोन्ही डाव, आपला पहिला, दुसरा… साहेब मध्येच 'ओह!' करतोय, कपाळाला हात लावतोय. 'आणि शेवटी, सर, आपल्याला नऊ रन हवे, विकेट एकच शिल्लक, बोलर धावत येतोय…'

'आणि?'

'आणि प्लॅटफॉर्म संपला, सर.'

तुम्हाला सांगतो, साहेब उभाच राहिला! तपासणी गेली चुलीत! शिपाई धावला कोर्टात सूर्यनारायण वकिलांकडे. तो येईपर्यंत साहेब खिडकीशी, हा दाराशी, दोघंही नखं खातायत. शिपाई आला, दम टाकत म्हणाला, 'आपले जिंकले! एका विकेटनं!'

आणि हा ओरडला हो! कचेरीत, साहेबासमोर, शाल हवेत भिरकावून! मग भानावर आला. शाल साहेबाच्या टेबलावर. साहेबाचा चेहराही त्याच रंगाचा. साहेबानं शाल उचलली, नीट घडी केली, याच्या हाती दिली आणि म्हणाला, 'खेळाचे नियम येतात तुला?'

'पाठ आहेत, सर.'

'मग रविवारी सकाळी क्लबच्या मैदानावर ये. पोस्टातले लोक आमच्याशी खेळतायत. मला प्रामाणिक अंपायर हवा. तुझ्या कायमच्या हुकमावर सोमवारी सही करतो.'

घ्या! आठवड्यात एक दिवस हा माणूस पांघरुणात असायचा, तोही गेला. रविवारी परत तीच गाडी, तेच धुकं. कनकलता म्हणाली, 'कायम होताय ना? मग जा.' गेला. उभा राहिला. साहेब बॅटिंगला आला. पोस्टातला वैद्यनाथ बोलर, हात विळ्यासारखा. पहिलाच चेंडू साहेबाच्या पायावर, अगदी मधल्या दांडीसमोर! वैद्यनाथ कोकलला, 'हाऊझ दॅट!' अहो, बाद होता! पव्हेलियनमध्ये सरबत ढवळणाऱ्या बटलरला कळलं, बाद! सगळं मैदान तुळजारामकडे बघतंय. साहेब बघतोय.

सोमवारी गाडीत हा नव्या पगडीत आला. हुकमावर सही व्हायची होती, ती त्याच दुपारी झालीही. पण सकाळी आम्ही विचारलंच, 'तुळजारामराव, बाद होता का?'

'होता.'

'मग बोट वर केलंत?'

तेवढ्यात अय्यंपेट्टै आलं, पण हा त्या दिवशी उतरलाही नाही. मग शाल घट्ट लपेटत म्हणाला, 'थंडी काय होती हो काल… बोट सरळच होईना!'