पुस्तकातले शहाण्णव नारळ

माझं माहेर सावंतवाडीकडचं. गावात शाळा होती, पण मी तिसरीपर्यंतच, मग धाकट्या भावंडांना कोण बघणार म्हणून घरी, आणि लग्न होऊन आले ती इथे गोव्यात, सर्वणला. घरवाला खाणीच्या ट्रकावर, मी भाटकाराच्या कुळागरात, त्या जमीनवाल्याच्या नारळी-पोफळीच्या बागेत, नारळ वेचायचे, सोलायचे, काय सांगू तुला बाय, हातांना सोललेल्या सोडणाचाच वास असायचा, जेवताना पण.

शोभा माझी एकटीच. चौथीपर्यंत गावातल्या मराठी शाळेत नुसती बडबड, पाचवीला डिचोलीच्या हायस्कुलात गेली आणि सगळं इंग्लिश. तेव्हा गोवा नुकतंच राज्य झालं होतं, जो तो भांडत होता, कोकणी की मराठी, आणि माझी पोर वर्गात एकाही भाषेत तोंड उघडेना. सहामाहीला गणितात नापास. ह्यांनी सांगून टाकलं, वार्षिकाला पास झाली नाही तर बस झालं, मांद्र्याला आत्याकडे पाठवतो, समुद्रावर येणाऱ्या पाहुण्यांच्या खोल्या झाडेल, चार माणसांत राहील. वाईट नव्हते गो ते, पण दमून यायचे.

मग आम्ही दोघी संध्याकाळी गणितं घेऊन बसायचो. ती इंग्लिश वाचायची, अडत अडत मराठीत सांगायची. मी म्हणायची, आधी सांग आपल्याकडे काय आहे, मग सांग विचारलंय काय, मग करू. एवढंच मला ठाऊक. बाकी तीच मला शिकवायची, आणि मला शिकवता शिकवता तिला यायचं.

एकदा गणित आलं, शहाण्णव नारळ, सहा टोपल्या, प्रत्येकीत किती. मी म्हटलं, हे तर आपलंच काम. पहिला नारळ देवचाराचा, तो बाजूला काढ. कुळागराची राखण तो करतो, त्याचा त्याला दिल्याशिवाय आम्ही मोजायला हातच लावत नसू. काढला. उरले पंच्याण्णव. प्रत्येकीत पंधरा, आणि पाच शिल्लक. पुन्हा केलं, पुन्हा पाच. शोभा म्हणते, आई, ह्या धड्यात शिल्लक येत नाही. मी म्हटलं, पुस्तकवाल्यांनी घाईत मोजले असतील. हे जेवता जेवता म्हणाले, आता दोघी मिळून नापास व्हा.

दुसऱ्या दिवशी बाईंनी तिला फळ्यावर ते गणित करायला बोलावलं. तिने पहिली ओळ लिहिली, शहाण्णव वजा एक. पोरं हसली. बाई म्हणाल्या, हा एक कुठून आला गो? आणि माझी पोर, सगळ्या वर्गासमोर, म्हणाली, तो देवचाराचा, त्याला नको? बाई पेडण्याच्या, तिकडेही देवचाराला मानतात. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, हवा तर. पण पुस्तकात येण्याआधीच त्याचा त्याला दिलाय असं समज, आणि आता कर. केलं तिने. सोळा.

घरी आली ती बोलतच आली, पायरी चढायच्या आधी बाई काय म्हणाल्या, पोरं काय म्हणाली, मी भात वैरत होते तो तसाच राहिला. त्या दिवसापासून कळलं नाही की हात वर करून विचारायला लागली. वार्षिकाला पास झाली, काठावर, पण झाली. ह्यांनी निकालाचा कागद उलटसुलट पाहिला, आणि बाजारातून कंपासपेटी आणून तिच्या पुढ्यात ठेवली. मांद्र्याचं नाव परत निघालं नाही.

आता हे नाहीत. शोभा म्हापशाला असते, तिची मुलगी कॉलेजात, तिच्या गणितांत आकडे कमी आणि अक्षरंच जास्त. सुट्टीला येतात तेव्हा दोघी पडवीत वही पसरून भांडतात, अगो असं नव्हे, मग कसं, तूच सांग. मला त्यातलं काही म्हणजे काही कळत नाही. मी आपली जवळ बसते. शोभा मध्येच विचारते, आई, कंटाळलीस? मी म्हणते, नाही गो, बोला तुम्ही.