सायमनकाकांच्या कानातलं मशीन

अहो, आमच्या खडकीच्या चर्चमध्ये उपासनेनंतर सगळे एकत्र जेवतात खरे, पण म्हातारे एका टेबलाला आणि तरुण दुसऱ्याला. ऐंशीचे सायमनकाका तर पाळकांना सांगून बसले होते, "हा ड्रमचा गोंगाट थांबवा, नाहीतर मी घरीच प्रार्थना करीन." त्या दिवशी मी त्यांना मुद्दाम ड्रम वाजवणाऱ्या रूथशेजारी बसवलं.

"तूच का ती बडवणारी?" काकांनी विचारलं.

"हो. आणि दर रविवारी कान झाकून बसणारे तुम्हीच ना, आजोबा?"

वरणाचा डाव माझ्या हातातच राहिला.

"झाकत नाही गं, कानातलं मशीन धरतो. तू सुरू झालीस की त्यात नुसती खरखर होते."

"दाखवा बरं. माझ्या आजीचंही असंच आहे."

जेवण बाजूला ठेवून तिने मशीनचं सेटिंग बदलून दिलं.

पुढच्या रविवारी काका पहिल्या बाकावर! उपासना संपताच थेट रूथकडे गेले.

"आज सगळं स्वच्छ ऐकू आलं."

रूथ खुलली. "आवडलं?"

"दुसऱ्या गीतात ताल चुकलीस."

"कुठे?"

"चल जेवायला. शेजारी बस, सांगतो."