बाईंचं मॉडेम आणि दोन भावंडांचा अबोला

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपल्या तळमजल्यावरचे दंतवैद्य डॉक्टरसाहेब. आजच्या सत्कारमूर्ती, ज्यांनी या इमारतीतल्या निम्म्या लोकांचे कपडे शिवले आणि उरलेल्यांचे उसवून दुरुस्त केले, त्या आपल्या शिवणक्लासच्या बाई. त्यांच्या शेजारी मांडीवर खोकं घेऊन बसलेले प्रमुख पाहुणे, बाईंचे धाकटे बंधू. व्यासपीठावर खुर्ची कमी पडल्यामुळे खाली बसलेले आणि त्यामुळे थोडे रुसलेले आपले खजिनदार. आणि जिन्यापर्यंत दाटीवाटीने उभे असलेले माझे सर्व शेजारी बंधू-भगिनी...

ऐकलंत? माइक किंचाळला. तुम्ही सगळ्यांनी कानांवर हात ठेवलेत, आणि बाई मात्र हसल्या. का हसल्या, तेच सांगायला मी आज उभा आहे.

अध्यक्षांनी मला थोडक्यात आटपायला सांगितलं आहे. पण त्यांच्या खुर्चीत आपण सगळे आ वासून पडलेले असताना ते आपल्याशी तास-तास बोलतात, आणि आपल्याला उत्तर देता येत नाही. आज त्यांची पाळी आहे.

तुम्ही मला पाठीमागे 'लिनक्सवाले' म्हणता, हे मला ठाऊक आहे. कचेरीत मी इकडचे कागद तिकडे करतो, पण घरी आलो की माझा जीव लिनक्समध्ये, म्हणजे संगणक चालवणाऱ्या त्या फुकट मिळणाऱ्या प्रणालीत असतो. कुणाचा संगणक कुरकुरला की मी बोलावण्याची वाट न बघता पोचतो आणि त्यावर लिनक्स घालून येतो. बाई आपल्या संगणकात कपड्यांचे नमुने ठेवायच्या. तो बंद पडला, तेव्हा मीच त्यावर लिनक्स घातलं आणि जाताना छाती फुगवून म्हणालो, "बाई, आता यावर काय वाटेल ते चालेल!"

माणसाने बोलताना जरा सांभाळून बोलावं. बाईंनी ते वाक्य टाचणी लावून ठेवलं.

थोड्याच दिवसांनी बोलावणं आलं. कापायच्या मोठ्या टेबलावर कात्री, खडू, कागदी नमुने आणि त्यांच्या मधोमध साबणाच्या वडीएवढी एक पांढरी डबी. एका बाजूला यूएसबीची वायर, दुसऱ्या बाजूला टेलिफोनची. फोनच्या तारेवरून संगणकाला संगणक जोडणारं जुनं डायल-अप मॉडेम! जग कुठल्या कुठे गेलं आणि बाईंनी हे कपाटातून बाहेर काढलं होतं.

"हे चालवा," बाई म्हणाल्या.

"बाई, इंटरनेट हवंय का? ते आता असं नाही घेत."

"इंटरनेट नकोय. मला एकाच नंबरावर लावायचंय. तिकडे फोन केला की संगणक उचलतो. त्यात लिहून ठेवता येतं."

नंबर त्यांच्या धाकट्या भावाचा होता. बंधू रेडिओ दुरुस्त करायचे आणि एके काळी त्यांनी फोनला असा संगणक जोडला होता. पण भावाला निरोप द्यायचा तर मधे एवढा खटाटोप कशाला? मी विचारलं, "सरळ फोन करा की."

"फोन केला म्हणजे मी आधी बोलले असं होईल."

"मग चिठ्ठी लिहा."

"चिठ्ठी म्हणजे मी नमले."

"आणि हे?"

"हे तुमच्या यंत्राने त्याच्या यंत्राला कळवलं. त्यात मी कुठे आले?"

तर मंडळी, दोघांचा अबोला होता. कशावरून? वडिलांच्या रेडिओवरून. वडील गेले, रेडिओ थोडा खरखरू लागला. बंधूंनी तो हौसेने खोलला. खोलला तो खोललाच. बाई म्हणाल्या, "हा वाजेल तेव्हाच माझ्याशी बोलायला ये." बंधू म्हणाले, "तू बोलावल्याशिवाय येणार नाही." रेडिओ काही वाजेना आणि बाई काही बोलावेनात. दोघंही एकाच आईची लेकरं, त्यामुळे हट्टाच्या बाबतीत कोण कुणाला हार जाणार? बंधू माझ्याकडे डोळे वटारून बघताहेत. बघा, बघा. सांगितलं ते खोटं असेल तर हात वर करा. नाही केला, याची सभेने नोंद घ्यावी.

आता माझी इज्जत पणाला लागली. संध्याकाळी मुलींचा शिवणक्लास सुटला की मी बाईंकडे हजर. मॉडेमची वायर लावली. उलटी बसली. फिरवली, तरी बसेना. पुन्हा फिरवली, तेव्हा बसली. बाई म्हणाल्या, "बटणालासुद्धा काज कळतं. तुमच्या या यूएसबीला काही कळत नाही."

लिनक्सने मॉडेमला ओळखच दाखवली नाही. बराच शोध घेतल्यावर कळलं की या मॉडेमला स्वतःची अक्कलच नाही. पैसे वाचवायला कंपनीने ती आत घातलीच नव्हती. विचार संगणकाने करायचा, ते फक्त फोनच्या तारेला चिकटून बसणार. असे साहेब मी कचेरीत पाहिले आहेत, पण त्यांना निदान ओळख दाखवावी लागते. मग कुणा भल्या माणसाने लिहून ठेवलेला ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला ते यंत्र कसं चालवायचं हे शिकवणारा प्रोग्राम, सापडला. तो लिनक्सला समजेल अशा रूपात स्वतः तयार करून घ्यायचा. केला. चुका आल्या. त्या निस्तरल्या, तर नव्या आल्या. चालू झाला म्हणेपर्यंत लिनक्सने स्वतःत सुधारणा करून घेतली आणि मॉडेमला पुन्हा ओळखेनासं झालं. माझ्या नाकी नऊ आले. बाई शांतपणे टीप मारत म्हणायच्या, "चुकली शिवण तर उसवायची आणि पुन्हा घालायची. चिडायचं कशाला?"

आमच्या सौभाग्यवती मात्र चिडल्या होत्या. "त्या डबीला तेवढं कुंकू लावून घरी घेऊन या," म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही तरी घरी दिसाल." त्या तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. त्यांचेही मी इथे जाहीर आभार मानतो.

शेवटी मॉडेमचा दिवा लागला. मी नंबर दिला. उत्तर आलं, टोन नाही. फोन उचलून कानाला लावावा तर टोन खणखणीत ऐकू येतोय! हे मॉडेम कुठल्या तरी दुसऱ्या धाटणीच्या टोनची वाट बघत बसलं होतं, आणि आपल्या टेलिफोन खात्याचा टोन त्याच्या खिजगणतीतच नव्हता. यावर एक आज्ञा आहे, एक्स तीन. मी बाईंना समजावून सांगितलं, "हिचा अर्थ असा, की पलीकडून काही ऐकू येवो न येवो, तू वाट बघू नकोस. सरळ नंबर फिरव."

बाईंचं मशीन थांबलं. "असं सांगता येतं?"

"यंत्राला येतं."

"हं," बाई म्हणाल्या आणि पुन्हा टीप मारू लागल्या.

आज्ञा दिली. मॉडेमने नंबर फिरवला. या मॉडेमच्या पोटात एक चिमुकला स्पीकर असतो. दोन यंत्रांची जुळणी होईपर्यंत पलीकडचं आपल्याला त्यातून ऐकू येतं. आपलं बोलणं मात्र तिकडे जात नाही, तिकडे जाते ती फक्त यंत्राची हाक. थोड्या थोड्या वेळाने, टूं. टूं.

घंटी वाजली. फोन उचलला गेला. आणि स्पीकरमधून आवाज आला, "हॅलो? कोण?"

संगणक नव्हे. माणूस! बाईंच्या हातातली कात्री हवेतच राहिली.

टूं.

"अहो, कोण बोलतंय?"

टूं.

"टूं काय टूं? बोला की!"

मग ठरलेला वेळ संपला आणि मॉडेमने फोन ठेवून दिला. मी कपाळाला हात लावला. बंधूंचा तो जुना संगणक केव्हाच मोडीत निघाला असणार. "बाई, पलीकडे यंत्रच नाही. ही जुळणी जन्मात व्हायची नाही."

बाईंनी कात्री खाली ठेवली. "उद्या पुन्हा करून बघू," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी केलं. तिसऱ्या दिवशी केलं. बंधूंनी आधी शिव्या दिल्या. त्या इथे सांगत नाही, मुलं बसली आहेत. मग "अहो फॅक्सवाले" म्हणून समजूत घालून पाहिली. आणि एका संध्याकाळी, फोन उचलल्यावर ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. दोनदा टूं झालं. मग हळूच म्हणाले, "त्या रेडिओचा एक भाग कुठे मिळत नाहीये. शोधतोय मी."

मंडळी, त्यांना कळलं होतं! कसं कळलं, ते मी आत्ता चहाच्या वेळी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "एवढा चिवटपणा आमच्या घराण्याच्या बाहेर कुठे सापडतो?"

त्यानंतर रोजचाच परिपाठ झाला. बंधू यंत्राला सांगायचे, गुडघा दुखतोय, छपराला ओल आलीय, भाजीत मीठ जास्त पडलं. मधे मधे टूं. बाई खाली मान घालून हातशिलाई करत ऐकायच्या. मला एकदा म्हणाल्या, "हे तुमचं जरा जास्त वेळ वाट बघेल, असं करता येतं का?" करता येतं. मी वेळ वाढवून दिला आणि वर समजावलं की तरीही जुळणी होणार नाही. त्या म्हणाल्या, "तुम्ही प्रयत्न सोडू नका." माझा मूर्खपणा बघा, मला वाटलं त्या मला धीर देताहेत.

इकडे आपले अध्यक्ष बेजार. बाईंच्या खोलीखालीच त्यांचा दवाखाना. खुर्चीत पेशंट आ करून पडलेला, आणि छतातून टूं. एका गृहस्थांनी तोंडातली नळी काढून विचारलं म्हणे, "डॉक्टर, वर आणखी कुणाचा दात काढताय?" आणि उठून गेले, ते आलेच नाहीत. डॉक्टरांनी तक्रार केली. मी लगेच मॉडेमच्या स्पीकरचा आवाज बंद करून टाकला. सगळं काम व्यवस्थित, फक्त मुकाट्याने.

दुसऱ्या दिवशी बाईंचा निरोप, "बिघडलं."

मी तपासलं. काही बिघडलेलं नव्हतं. "बाई, चालतंय की. फक्त आवाज बंद केलाय."

"मग बिघडलंच ना," बाई म्हणाल्या.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी आवाज सुरू केला. खाली जाऊन डॉक्टरांना सगळं सांगितलं. आणि आपल्या अध्यक्षांचा मोठेपणा हा, की त्या दिवसापासून त्यांनी संध्याकाळच्या त्या वेळेला पेशंट घेणं बंद केलं. टाळ्या वाजवा. त्यांना त्या फार आवडतात, दाखवत नाहीत.

आता शेवटची संध्याकाळ. बंधूंनी फोन उचलला. आवाज नेहमीचा नव्हता. "गुडघ्याने जिना होत नाही," म्हणाले. "घर सोडतोय. उद्या हा फोन काढून नेणार. म्हातारी माणसं ठेवतात, तिथे जागा मिळालीय." टूं. "तिथला नंबर द्यायचा तर कुणाला देऊ? या डबड्याला?" टूं. मग म्हणाले, "बरं, घे लिहून," आणि आकडे सांगू लागले.

दोन आकडे आणि टूं. एक आकडा आणि टूं. प्रत्येक टूं एकेक आकडा गिळत होतं! मी कळफलकावर झडप घातली. पण मॉडेमला थांबायची आज्ञा दिली तर ते फोनच ठेवणार. आणि थांबवलं नाही, तर वेळ संपला की ते आपणहून ठेवणार. उद्या फोन नाही, आज नंबर नाही. त्याच तारेवरचा साधा फोन टेबलावर कापडाखाली होता. बाईंनी कापड भिरकावलं, टाचण्या सगळीकडे उडाल्या, आणि रिसीव्हर उचलला.

मी मॉडेमची यूएसबीची वायर उपसली. ज्या वायरीपायी मी रक्त आटवलं, ती माझ्या या हातांनी खेचून काढली. मॉडेमचा दिवा गेला. पण बाईंनी रिसीव्हर उचललेला होता, त्यामुळे फोन चालूच राहिला. टूं थांबलं.

बाई म्हणाल्या, "पुन्हा सांग. आणि नीट सांग. लहानपणापासून तोंडातल्या तोंडात बोलतोस."

इतक्या वर्षांनंतरचं पहिलं वाक्य हे! पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं. फक्त बाईंचं ऐकू येत होतं. "मी नाही आधी बोलले. मी नंबर विचारला. विचारणं म्हणजे बोलणं नव्हे." मग, "रडतोस काय? अरे, रडतोस काय वेड्या?" आणि हे म्हणताना त्या स्वतः कुठल्या कापडाला डोळे पुसत होत्या ते त्यांना कळत नव्हतं. तो माझा शर्ट होता, बाह्या लावायला दिलेला. तो मी आज घातला आहे.

पुढचं आपण सगळे जाणताच. बंधू त्या जागेत गेले नाहीत. दोघांनी मिळून जिना नसलेलं घर घेतलंय. बाई उद्या सामान हलवताहेत. बंधूंच्या मांडीवरच्या खोक्यात वडिलांचा रेडिओ आहे. मी मघाशी उघडून पाहिला. मंडळी, तो अजून वाजत नाही.

इमारतीतर्फे आम्ही बाईंना ते मॉडेम छान कागदात गुंडाळून भेट देणार होतो. त्यांनी परत केलं. म्हणाल्या, "मला आता काय करायचंय त्याचं?" खरंच आहे. आता ते माझ्या टेबलावर आहे.

बाई, उद्या संध्याकाळी मी सवयीने वर येईन आणि दाराला कुलूप असेल. मला ते अजिबात आवडणार नाही, हे मी चारचौघांत सांगून टाकतो. नव्या घराचा नंबर मी पुन्हा पुन्हा विचारून घेतलाय. फोन मीच करीन, तुमच्या फोनची वाट बघत बसणार नाही.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल ऋणी आहे. अध्यक्षांचा वेळ खाल्ला, बंधूंची गुपितं फोडली, बोलण्याच्या भरात कुणाला टाचणी लागली असेल, तर ती मोठ्या मनाने उपटून टाकावी. आणि बाई, एक शेवटची विनंती. तुम्ही फोन उचललात आणि इकडून मला काही बोलताच आलं नाही, तर मी नुसतं टूं करीन. तुम्ही मात्र बोलत राहा.