शेवटचं रीळ

तंबूतल्या सिनेमाचं काय सांगू! एकच पिक्चर विरारला आणि आमच्या सोपाऱ्याला एकाच दिवशी लावायचे. तिकडे रीळ संपलं की सायकलवाला ते इकडे आणायचा.

माझा इनासमामा ब्रह्मदेशच्या लढाईवरून आल्यापासून मिठागरावरच्या झोपडीत एकटाच राहायचा. गावात पाऊल टाकायचा नाही. आईने हट्टच धरला, म्हणून मी त्याला गावाबाहेरच्या तंबूत संध्याकाळच्या खेळाला नेलं. पिक्चर नेमका लढाईनंतर रानात लपून राहिलेल्या तीन शिपायांचा.

तिघे घराकडे निघाले आणि पडदा पांढरा झाला. सायकल वाटेत पंक्चर, शेवटचं रीळ आलंच नाही. लोक ओरडायला लागले तसा तंबूचा मालक पुढे आला.

"बसा, मी सांगतो! तिघेही घरी पोचतात. तिघांच्या आया त्यांना पोटाशी धरतात. झालं!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामा उठून मिठागराची वाट धरायला लागला.

मी म्हटलं, "मामा, आता तरी घरी चल. आई जेवायची थांबलीय."

"आमीपन गावातून तिघे गेलेलो," मामा म्हणाला. "त्या दोघांच्या आया अजून दारात बसतात. त्यांच्या दारावरून घरी कसा येऊ?"