शाफ्टाखालचं कडं

मायबापहो, पार्वतीवैनी, शेठजी, मोटारस्टँडवरच्या माह्या भावांनो,

सखारामभाऊ गेले म्हणून हातातली कामं टाकून तुम्ही आज इथं धर्मशाळेत जमले. कोणी देऊळगाव राजाहून आलं, कोणी माह्या उंद्रीहून आलं. मले भाषण येत नाही. मी डायवर माणूस. पण शाळेचे मास्तर म्हणाले, किसन, सखाराम मिस्त्रीच्या शेजारी तूच बसत होता, तूच बोल. म्हणून उभा राह्यलो.

सखारामभाऊ देऊळगाव राजाच्या माळ्याच्या घरचे. बाप वांगी-मिरची पिकवे. हे मोटारीच्या नादानं चिखलीले आले, स्टँडामागं लिंबाखाली खड्डा खोदला अन् मिस्त्री झाले. लोक त्यायले भित्रा मिस्त्री म्हणत. त्यायच्या माघारी म्हणत, कधी तोंडावर म्हणत. मीही म्हटलं. आज खोटं काऊन बोलू? भित्रेच होते ते. आगीले भेत नसत, सापाले भेत नसत. एकाच गोष्टीले भेत.

मोटारीच्या पोटाखाली एक लांब लोखंडी दांडा असते. आम्ही त्याले शाफ्ट म्हणतो. गिअरबॉक्सापासून निघते अन् मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत जाते. इंजिनाचा जोर त्याच्यातूनच मागच्या चाकाले भेटते. गिअरबॉक्सापाशी त्या दांड्याचा जो जोड, तो कपलिंग. चार बोल्ट असतात त्याले. सारी मोटार, सारी माणसं त्या चार बोल्टांवर. सखारामभाऊ त्या चार बोल्टांले भेत.

कोणाच्याही गाडीचं कपलिंग बसवलं, की पहिल्या फेरीले हा माणूस स्वतः गाडीत बसे. सीटवर नाही. पायाखालची फळी काढून तिथंच खाली बसे अन् त्या फिरत्या जोडाकडं पाहत राहे. मी म्हणो, भाऊ, उठून बसा, लोक हासून राह्यले. ते म्हणत, हासू दे.

लढाई चालू होती तवाची गोष्ट. नागपूरहून सामान येणं बंद झालं होतं. माही गाडी चिखलीहून बुलढाण्यावरून मलकापूर टेशनाले जाये. तिच्या कपलिंगाची भोकं झिजली, बोल्ट खेळाले लागले. सखारामभाऊ म्हणाले, ही गाडी घाट उतरणार नाही, उभी ठेवा. पण लग्नसराई होती. गाडी शेठजींची, त्यायनं घाई केली. अन् मायबापहो, शेठजींहून जास्त घाई मी केली. मी चार लोकांसमोर म्हटलं, भाऊ, तुम्ही लय भेता.

सखारामभाऊ उठून गेले. जिनिंगच्या भंगारातून जाडे बोल्ट आणले अन् दोन दिवस कानस घेऊन घासत बसले. एकेक बोल्ट भोकात घालून पाहत, काढत, पुन्हा घासत. मग बैलगाडीच्या चाकाची जुनी लोखंडी धाव तापवली, वाकवली अन् तिचं एक कडं केलं. ते कडं शाफ्टाच्या तोंडाशी, शाफ्टाभोवती, वर चासीले, म्हणजे गाडीच्या सांगाड्याले, कसून टाकलं. मी इचारलं, मोटारीले तोडे काऊन घालता? ते म्हणाले, बोल्ट तुटले तर दांडा खाली पडंन. तोंडाकडून पडला तर रस्त्यात रुतंन. रुतला तर सारी मोटार त्याच्यावरून मागून उचलली जाईन. कडं असलं तर पडणार नाही.

हे सांगताना ते कड्याचे नट पुन्हा पुन्हा कसत होते. मी पाह्यलं अन् मले हासू आलं.

दुसऱ्या दिवशी बुलढाणा सोडलं. गाडी भरलेली. एक वऱ्हाड होतं, नवरी होती, म्हाताऱ्या बाया होत्या. सखारामभाऊ माह्या पायापाशी, फळी काढून बसलेले. घाट सुरू झाला. दुसरं वळण गेलं. तिसऱ्या वळणाच्या अलीकडं खालून आवाज आला. घण घातल्यासारखा. अन् इंजिन एकदम हलकं झालं.

तुमच्यात डायवर आहेत, त्यायले समजलं असंन. उतारावर गाडी धरून ठेवणारी इंजिनाची वढ गेली. हातब्रेक त्याच शाफ्टावर, तोही गेला. उरला एक पायब्रेक. खाली दांडा सुटून कड्यात आपटून राह्यला होता. धाड, धाड, धाड. सारी गाडी हादरे. बाया रडाले लागल्या. डाव्या अंगाले दरी. माहे डोळे दरीकडंच जात.

तवा माह्या मांडीवर एक हात पडला. थंडगार हात होता तो. सखारामभाऊ खालून म्हणाले, "किसन, पाय उचलू नको. डोंगराच्या अंगाले घे. मी भेलो आहे, तू माह्याकडं पाहू नको."

मी पाह्यलं नाही. पायब्रेकवर उभा राह्यलो अन् चक्र उजवीकडं दाबलं. गाडी डोंगराले घासत गेली. पत्रा फाटला. किती वेळ घासत गेली ते मले सांगता येणार नाही. मग उभी राह्यली.

एका बाईचा हात मोडला. बाकी सगळे उतरले, आपल्या पायानं उतरले. सखारामभाऊ रस्त्याच्या कडंले बसले अन् ओकले. मग गाडीखाली शिरले. कडं वाकलं होतं, पण दांडा त्याच्यातच होता. त्यायनं कड्याले हात लावला अन् लहान लेकरासारखे रडले.

मी नंतर इचारलं, भाऊ, इतकं भेव वाटते तर गाडीत बसता काऊन? घरी राहा. ते म्हणाले, "घरी बसलो की आवाजाची वाट पाहा लागते. त्याच्यापेक्षा गाडीत बसून भेणं बरं."

त्याच्या मागून मीच भेलो. आठ दिवस घाटाच्या तोंडाशी गाडी नेली की मी ती तिथंच उभी करो. सखारामभाऊ रोज माह्या बाजूले येऊन बसत. भेऊ नको, असं एकदाही म्हणाले नाहीत. म्हणाले, भेव राहू दे, जपून राहशीन.

यंदा त्यायले ताप आला. उतरला नाही. मी रोज फेरी करून त्यायच्या घरी जाये. वैनी दारातूनच सांगत, आली रे तुही गाडी सुखरूप, आता झोपतीन ते. शेवटच्या दिवशी त्यायले माहं नाव आठवलं नाही. पण हात हातात घेऊन इचारलं, सगळे उतरले का? मी म्हटलं, हाव भाऊ, सगळे उतरले.

आता मले एक सांगाचं आहे. सांगताना भेव वाटून राह्यलं.

परवा माह्या गाडीले नवीन कपलिंग बसलं. नवीन मिस्त्रीनं बसवलं. काम त्याचं चांगलं आहे, मी त्याले नाव ठेवत नाही. पण जुनं कडं काढून टाकलं. म्हणतात, नव्या मालाले त्याची गरज नाही. उद्या सकाळी ती गाडी मलकापूरले निघणार. तुमच्यातलेच कितीक जण तिच्यात बसणार. मी दोन दिवस झोपलो नाही.

शेठजी, तुम्ही समोर बसले आहात. तुमचं मीठ खाल्लं आहे मी. वर मान करून कधी बोललो नाही. आज बोलतो. कडं बसल्याशिवाय मी घाट उतरणार नाही. दुसरा डायवर पाहाचा असंन तर पाहा. पण त्यालेही हे सांगूनच पाठवा.

मी थांबतो शेठजी. तुम्ही बोला.

बरं.

मागच्या लोकांले ऐकू आलं का? शेठजी म्हणतात, आधी कडं बसवा, मग गाडी काढा. वैनी, तुम्ही ऐकलं ना?

मायबापहो, माहं बोलणं सरलं. आता सगळे उठा. स्टँडवरच्या भावांनो, बाहेर कोणाचं इंजिन चालू असंन तर बंद करून या. सखारामभाऊंसाठी दोन मिनिटं कोणी बोलू नका. माहं भेव अजून गेलं नाही. मी पडलो तर बाजूच्यानं मले धरजा.