डोळ्यांतल्या पेशी शांत झाल्या!

मंडळी, आधी मला सांगा — देवाच्या दारात आल्यावर माणसानं बोलत सुटावं, का गप्प व्हावं? अहो, खांबाला टेकलेले आजोबा, पेंगू नका, तुम्हालाच विचारतोय! बरं, ऐका.

एक होती जाईबाई गुरवीण. देवळातली समई तिच्या हवाली. बोलताना फार जपायची हो! दिवा 'विझला' म्हणून कधी म्हणायची नाही — 'शांत झाला' म्हणायची. आणि माणूस गेलं तर? तोच शब्द! ध्यानात ठेवा, त्यानंच घोटाळा केला.

तिची लेक कृष्णी. दिवसा सगळं आवार पालथं घालायची, पण दिवेलागण झाली की भिंती चाचपायची. एकदा थेट दीपमाळेवर आपटली! कपाळातून रक्त — आणि विचारते काय? "आई, दीपमाळ हितं कशी आली गं?" जाईबाईनं तिला उचललं, थेट तालुक्याचा दवाखाना गाठला.

तालुक्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अंधारात बसवून डोळ्यावर उजेड चमकवू. आतली वीज कशी वागते, ते यंत्रावर दिसेल."

दार लागलं. जाईबाई बाहेर! पदर चावतेय, पुटपुटतेय — "देवा, माझं डोळं घे, पण तिचं ठेव रे!" एवढ्यात आतून बाईंचा आवाज — "उजेड पडला... पेशी शांत झाल्या!"

संपलं! जाईबाईनं हंबरडा फोडला, दार लोटून आत — "माझ्या लेकीचं डोळं गेलं हो!"

"अहो, गेले नाहीत!" बाईंनी तिला खाली बसवलं. "डोळ्याच्या पडद्यावरच्या या पेशींत अंधार असेतो वीज सारखी वाहते. उजेड पडला, की त्यांच्यातलं रंगद्रव्य आकार बदलतं, विजेच्या वाटा मिटतात, पेशी शांत होतात. ते शांत होणं, हाच मेंदूला निरोप — उजेड आला! हिच्या पेशी जरा कमी शांत होतात, कारण अंगात अ जीवनसत्त्व कमी पडलंय. त्यातूनच ते रंगद्रव्य बनतं. औषधानं भरून येईल."

जाईबाईचं रडणं थांबेना. मग हळूच म्हणाली, "म्हंजे... शांत झाल्या, म्हणून दिसतं?"

औषधानं नजर आली! कृष्णी पुढं तिन्हीसांजेला दीपमाळेला वळसा घालून धावत आली, आणि जाईबाईला शब्द सुचेना!

मंडळी, त्या पेशींसारखे आपणही अंधारातच बडबडतो हो! माझं द्या, त्याचं काढा, मलाच का! समोर समई तेवतेय, ती दिसते कुणाला? मी आता टाळ खाली ठेवतो. तिच्याकडे बघा. आणि शांत व्हा — भिऊ नका, डॉक्टरीणबाईंच्या अर्थानं!